वेळापत्रक सर्वांत शेवटी: अभ्यासाच्या वेळेचं नियोजन कोणत्या क्रमाने करायचं

अभ्यासाचं वेळापत्रक बहुतेक विद्यार्थी वर्षातून चार-पाच वेळा करतात आणि दर वेळी त्याच जागी चुकतात. कोरा कागद घ्यायचा, सात रकाने आखायचे, पहाटे पाचपासून रात्री अकरापर्यंतचे तास विषयांना वाटून टाकायचे आणि कागद भिंतीला चिकटवायचा. तिसऱ्या दिवशी क्लास लांबतो, चौथ्या दिवशी पाहुणे येतात, पाचव्या दिवशी मागे राहिलेल्या धड्यांची बेरीज सुरू होते. रविवारपर्यंत त्या कागदाकडे बघावंसंही वाटत नाही. ताण कमी व्हावा म्हणून केलेलं वेळापत्रकच ताण वाढवायला लागतं.

याचा दोष मुलं स्वतःच्या आळसाला देतात आणि आईवडील मोबाइलला. माझं म्हणणं वेगळं आहे. क्रम चुकतो. वेळापत्रक हे या कामातलं सर्वांत शेवटचं पाऊल आहे. त्याआधी आपल्या हातात खरोखर किती तास आहेत ते मोजायचं, कामं किती आहेत ते लिहायचं, कोणत्या कामाला किती वेळ लागतो ते तपासायचं आणि जे मावत नाही ते बाजूला काढायचं. हे चारही गाळून थेट रकाने आखले, की कागदावर जे उमटतं ती फक्त इच्छा असते.

हा लेख अकरावी-बारावीच्या आणि डिग्री-इंजिनिअरिंगच्या मुलामुलींसाठी आहे. उदाहरणं नाशिकची आहेत, कारण वेळ कुठे जातो हे आपण कुठे राहतो यावर बरंच ठरतं. पद्धत अंगवळणी पडायला साधारण दोन आठवडे द्या. त्यातला पहिला आठवडा नुसता नोंदीचा आहे. परीक्षा अगदी तोंडावर आली असेल तर पहिले टप्पे सोडून थेट टप्पा ९ वाचा.

## तयारी: काय जवळ हवं

एक साधी शंभर पानी वही. मोबाइलमधलं ॲप नको. नोंद करायला फोन उघडला की आधी मेसेज दिसतात आणि नोंद तशीच राहते.

भिंतीवरचं मोठं कॅलेंडर, ज्याच्या चौकटीत दोन ओळी लिहिता येतील. आणि एक गजराचं घड्याळ. ते अगदी साधं चालेल, पण असायलाच हवं. गजरासाठी फोन उशाशी ठेवला, की रात्रीची शेवटची आणि सकाळची पहिली पंधरा-वीस मिनिटं त्याच्याकडे जातात.

याशिवाय कॉलेजचं टाइमटेबल, क्लासच्या टेस्टच्या तारखा, प्रॅक्टिकल आणि सबमिशनच्या तारखा एकत्र करून ठेवा. ज्या तारखा अजून जाहीर नाहीत त्यांच्यासाठी गेल्या वर्षीचा महिना पेन्सिलीने लिहा.

सावधान: सुरुवात गणपती, नवरात्र किंवा दिवाळीच्या आठवड्यात करू नका. ते आठवडे वेगळे असतात. त्यावरून केलेला हिशेब वर्षभर चुकत राहतो. साधा, कंटाळवाणा आठवडा निवडा.

## टप्पा १: सात दिवस फक्त नोंद

सोमवारपासून रविवारपर्यंत, दिवस जसा जाईल तसा वहीत लिहायचा. प्रत्येक पानावर अर्ध्या-अर्ध्या तासाच्या ओळी आखा आणि दिवसातून तीनदा भरा: कॉलेजमधून बाहेर पडताना, संध्याकाळी घरी आल्यावर आणि झोपण्याआधी. एकदम रात्री भरायला बसलात तर दुपारचं काही आठवत नाही आणि माणूस नकळत स्वतःला बरं वाटेल असं लिहितो.

शब्द नेमके हवेत. ‘अभ्यास’ असं लिहू नका. ‘गणित, इंटिग्रेशन, सहा उदाहरणं सोडवली’ किंवा ‘केमिस्ट्री वाचली, मध्ये फोन’ असं लिहा. बसची वाट पाहण्यात गेलेली वीस मिनिटं, क्लास सुटल्यावर खाली उभं राहून मारलेल्या गप्पा, आईने किराणा आणायला पाठवलं ते, सगळं लिहा. हे कोणाला दाखवायचं नाही.

नोंदीशेजारी आणखी एक खूण करा: त्या वेळी डोकं किती चालत होतं? चांगलं असेल तर अधिक, जड असेल तर उणे. सहाव्या टप्प्यात ही खूण फार उपयोगी पडते.

नेहमीची चूक: नोंद सुरू झाली की दुसऱ्याच दिवसापासून मुलं सुधारायला लागतात. पहाटे उठतात, फोन बंद ठेवतात, आणि आठवड्याचं चित्र खोटं होतं. या सात दिवसांत काहीही सुधारायचं नाही. जसे आहात तसे राहा.

## टप्पा २: १६८ तासांचा हिशेब

आठवड्यात १६८ तास असतात. त्यातून नोंदीतले आकडे एकेक करून वजा करायचे. एक कल्पित उदाहरण घेऊ. बारावी सायन्सची मुलगी, घर नाशिकरोडला, कॉलेज आणि क्लास दोन्ही कॉलेज रोडच्या बाजूला.

- झोप, रोज ८ तास: ५६
- कॉलेज, सहा दिवस, रोज ५ तास: ३०
- क्लास, सहा दिवस, रोज ३ तास: १८
- प्रवास, सहा दिवस, रोज २ तास: १२
- आंघोळ, जेवण, चहा-नाश्ता, आवरणं, रोज अडीच तास: १७.५
- घरकाम, रोज १ तास: ७

बेरीज होते १४०.५. उरले २७.५ तास. आता मैत्रिणी, फोन, घरच्यांशी बोलणं, नुसतं पडून राहणं यासाठी रोज एक तास धरा. तो माणसाला लागतोच. उरले २०.५. त्यातले पाच तास आजारपण, लांबलेला क्लास, अचानक आलेलं काम यांसाठी मोकळे सोडा. हातात राहिले साडेपंधरा तास.

भिंतीवरच्या कागदावर मात्र या मुलीने रोज सहा तास स्वतःचा अभ्यास लिहिला होता. म्हणजे आठवड्याला ४२ तास. साडेपंधरा तासांच्या जागेत ४२ तास बसत नाहीत. दर आठवड्याला २६ तासांहून जास्त ‘मागे पडल्याचा’ हिशेब तिच्या नावावर चढत होता, आणि ते तास मुळात अस्तित्वातच नव्हते. रात्री बाराला रडत बसलेली अनेक मुलं अशा न केलेल्या गुन्ह्याची शिक्षा भोगत असतात. हे मला फार लागतं, म्हणून हा टप्पा मी कोणालाच गाळू देत नाही.

तुमचे आकडे वेगळे येतील. सिडकोत राहून जवळच्याच कॉलेजला जाणाऱ्याचा प्रवास कमी. सिन्नर किंवा दिंडोरीहून एसटीने येणाऱ्याचा जास्त, शिवाय संध्याकाळची गाडी ठरलेली. नाशिकरोडहून येणाऱ्यांनी द्वारका चौकातली संध्याकाळची गर्दी धरूनच वेळ लिहावा. सिंहस्थाच्या कामांमुळे ज्यांचा नेहमीचा रस्ता बदलला आहे त्यांनी आत्ता लागणारा वेळ लिहावा. पूर्वी किती लागायचा याचा इथे उपयोग नाही.

तपासणी: उरलेले तास दहापेक्षा कमी आले का? तर वेळापत्रक करून काही होणार नाही. आधी क्लास, प्रवास किंवा घरकाम यांपैकी एक काहीतरी बदलावं लागेल. टप्पा ५ मध्ये त्यावर लिहिलं आहे.

सावधान: तास वाढवण्यासाठी झोपेला हात लावू नका. १४ ते १७ वर्षांच्या मुलांना रोज ८ ते १० तास आणि त्यापुढच्या तरुणांना ७ ते ९ तास झोप लागते. दिवसा वाचलेलं झोपेत पक्कं होतं. पाच तास झोपून वाचलेलं पान दुसऱ्या दिवशी पुन्हा वाचावं लागतं, त्यामुळे झोपेतून वाचवलेले तीन तास परत तिथेच जातात.

## टप्पा ३: डोक्यातलं सगळं कागदावर

आता एका बैठकीत, साधारण पाऊण तास घेऊन, करायची राहिलेली प्रत्येक गोष्ट लिहून काढा. अभ्यासाचीच नव्हे, सगळी. जातीचा दाखला, स्कॉलरशिपचा फॉर्म, चष्म्याचा नंबर, मित्राची परत करायची वही. ताणाचा मोठा भाग कामामुळे येत नाही, काम विसरलं जाईल या धास्तीमुळे येतो. लिहिल्यावर ती धास्ती बरीच उतरते.

मग प्रत्येक ओळ वाचा आणि विचारा: हे वाचून मला लगेच पेन उचलता येईल का? ‘फिजिक्स पूर्ण करणे’ वाचून पेन उचलता येत नाही. ‘करंट इलेक्ट्रिसिटी, व्हीटस्टोन ब्रिजची आठ गणितं’ वाचून येतं. जी ओळ मोघम आहे तिचे तुकडे करा. एका बैठकीत संपेल एवढाच तुकडा.

इंजिनिअरिंगच्या मुलांनी प्रत्येक ओळीशेजारी आणखी एक गोष्ट लिहावी: हे काम दुसऱ्या कोणावर अवलंबून आहे का? जर्नल लिहून झालं तरी सरांची सही लागते, आणि सर आठवड्यातून दोनच दिवस लॅबमध्ये भेटत असतील तर तुमची खरी तारीख सबमिशनच्या चार-पाच दिवस आधीची आहे. सबमिशनच्या आदल्या दिवशी लॅबबाहेर जी रांग लागते, ती बहुतेक वेळा लिहिणं राहिल्याची नसते, सही राहिल्याची असते. प्रिंट, बाइंडिंग, ग्रुपमधल्या मित्राने करायचा प्रोजेक्टचा भाग, या सगळ्यांना हाच नियम.

ज्याला तारीख आहे ते लगेच भिंतीवरच्या कॅलेंडरवर चढवा. तारखेच्या दिवशी एकदा आणि तारखेच्या आठवडाभर आधी एकदा, अशा दोन ठिकाणी.

## टप्पा ४: आपला अंदाज किती चुकतो ते शोधा

काम किती वेळात होईल याचा अंदाज सगळ्यांचाच चुकतो आणि जवळजवळ नेहमी एकाच दिशेने चुकतो. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांना विचारलं होतं की तुमचा प्रबंध किती दिवसांत पूर्ण होईल. सरासरी उत्तर आलं ३४ दिवस. सगळंच बिनसलं तर किती, यावर उत्तर होतं सुमारे ४९ दिवस. प्रत्यक्षात सरासरी ५५ दिवसांहून जास्त लागले. वाईटात वाईट धरून केलेला अंदाजही कमीच पडला.

‘जरा जास्त वेळ धरू’ असं मनाशी म्हणून हे सुटत नाही. मोजावं लागतं. यादीतली सात-आठ कामं निवडा. काम सुरू करण्याआधी वहीत अंदाज लिहा, संपल्यावर प्रत्यक्ष लागलेला वेळ लिहा. समजा गणितांना ४० मिनिटं धरली होती आणि ७० लागली. तुमचा गणितांचा गुणक पावणेदोन. जर्नलचा एक प्रयोग लिहायला तास धरला आणि दोन लागले, गुणक दोन. केमिस्ट्रीच्या व्याख्या अर्ध्या तासात होतील असं वाटलं आणि झाल्या, गुणक एक.

कामाच्या प्रकाराप्रमाणे गुणक बदलतो, म्हणून सगळ्यांना एकच लावू नका. यादीतल्या प्रत्येक कामाचा अंदाज त्याच्या गुणकाने गुणा आणि तो आकडा शेजारी लिहा. पुढचं सगळं याच आकड्यांवर चालवायचं.

नेहमीची चूक: काम रेंगाळलं त्या दिवसाची नोंद ‘आज मूड नव्हता’ म्हणून सोडून देणं. तो दिवसही खराच आहे. तसे दिवस पुढेही येणार, म्हणून तो धरायचाच.

## टप्पा ५: जे मावत नाही ते काढा

सर्वांत अवघड टप्पा हा, आणि सर्वांत जास्त गाळला जाणाराही हाच. तुमच्याकडे आठवड्याला साडेपंधरा तास आहेत आणि यादीची बेरीज पंचवीस-तीस तासांवर जाते. काहीतरी जाणार हे नक्की. ते तुम्ही ठरवलं नाहीत तर थकवा ठरवतो, आणि थकवा नेहमी महत्त्वाचंच काम मागे टाकतो, कारण ते अवघड असतं.

प्रत्येक कामाला एकच प्रश्न विचारा: हे या आठवड्यात केलं नाही तर नेमकं काय बिघडेल? तारीख हुकेल किंवा गुण जातील, असं उत्तर आलं तर काम राहील. पुढचा धडा याच्याशिवाय कळणार नाही, जसं डिफरन्सिएशन कच्चं असेल तर इंटिग्रेशन अडणारच, असं उत्तर आलं तरीही राहील. बाकी सगळं पुढच्या तारखेला जाईल किंवा यादीतून निघेल.

काय काढावं याबद्दल माझी मतं ठाम आहेत. पहिलं, एकच धडा कॉलेजमध्ये, क्लासमध्ये आणि परत व्हिडिओवर ऐकणं. तीनदा ऐकून समजल्यासारखं वाटतं, पण पेपरमध्ये सोडवायचं असतं आणि सोडवणं शून्य झालेलं असतं. तिसरं ऐकणं बंद करा, तो वेळ गणितांना द्या. दुसरं, क्लासच्या नोट्स सुवाच्य अक्षरात, रंगीत पेनांनी पुन्हा उतरवणं. हात चालतो, डोकं चालत नाही. तिसरं, दोन-दोन टेस्ट सिरीज लावणं. एकीचेच पेपर देऊन चुका नीट तपासल्या तर दुसरीची गरज पडत नाही.

आवडीच्या गोष्टी सरसकट काढू नका. ढोल पथकात असाल तर गणपतीआधी रोज संध्याकाळचा सराव असतो. तो करायचा असेल तर उघडपणे १६८ च्या हिशेबात लिहा, आणि त्या काळात अभ्यासाचे तास कमी राहतील हे आधीच मान्य करा. चोरून केलेला सराव आणि त्याबद्दल रात्री वाटणारी टोचणी यात दोन्हीकडचं जातं.

### घरच्यांशी बोलणं

निफाड-दिंडोरीकडच्या घरांत हा प्रश्न आणखी अवघड आहे. ऑक्टोबरच्या छाटणीपासून द्राक्षबागेत माणसं कमी पडतात आणि माल काढायची वेळ नेमकी बोर्डाच्या परीक्षेच्या महिन्यांत येते. थ्री-फेज लाइट रात्रीची असेल तेव्हा मोटर चालू करायला उठावं लागतं. वर्षाचं पीक पावसात जाईल की राहील अशी धाकधूक असताना ‘मला अभ्यास आहे’ एवढंच म्हटलं तर ते ऐकून घेतलं जात नाही, आणि घरच्यांचंही चूक नसतं.

म्हणून हिशेबाचं पान घेऊन बसा. छाटणीच्या आधी, सप्टेंबरमध्येच. साधं बोला: “बाबा, हे माझ्या आठवड्याचे तास आहेत. डिसेंबरपर्यंत रविवारी सकाळी मी बागेत येतो, क्रेट भरायलाही येतो. पण फेब्रुवारीपासून पेपर संपेपर्यंत रात्रीच्या मोटरीला मला उठवू नका. तेवढ्या महिन्यांसाठी दुसरं कोणी बघता येईल का?” काय करीन हे आधी आणि काय जमणार नाही हे नंतर. तारखा ठेवून मागितलेली सवलत मिळण्याची शक्यता जास्त असते, कारण समोरच्यालाही त्याप्रमाणे तजवीज करता येते.

शहरातल्या घरांत घरकामाचा भार बहुतेक वेळा मुलीवर जास्त असतो. भाऊही अभ्यास करणाराच असेल तर तो तास दोघांत वाटून मागा. पान समोर असलं की हे बोलणं सोपं जातं.

तपासणी: राहिलेल्या कामांची गुणक लावून केलेली बेरीज तुमच्या तासांत बसते का? नसेल तर पुढे जाऊ नका. परत यादी घ्या आणि आणखी काढा.

## टप्पा ६: आता वेळापत्रक

आता रकाने आखा. भरण्याचा क्रम असा.

१. झोप. झोपायची आणि उठायची वेळ रविवारीही जवळपास तीच.

२. कॉलेज, क्लास, प्रवास, जेवण, घरकाम.

३. मोकळ्या जागा. आठवड्यात दोन, प्रत्येकी दोन-अडीच तासांच्या. एक बुधवारच्या आसपास, एक रविवारी दुपारी. इथे काहीही लिहायचं नाही.

४. अवघड काम, तुमच्या ‘अधिक’ खुणांच्या वेळेत. नोंदवहीत सकाळी सहा ते सातला अधिक दिसत असेल तर गणित तिथे. रात्री नऊनंतर अधिक दिसत असेल तर गणित रात्री. पहाटे उठलं तरच अभ्यास होतो हे सगळ्यांसाठी खरं नाही. तुमची वही सांगते ते खरं.

५. हलकी कामं उरलेल्या जागांत. पाठांतर, आकृत्या, जर्नल.

रकान्यात फक्त विषय लिहा. नेमकं कोणतं काम, ते आदल्या रात्री ठरवायचं, आणि एका दिवसाला जास्तीत जास्त तीन. तीनच्या पुढची यादी सकाळी बघूनच दमायला होतं.

जागाही लिहा. दोन खोल्यांच्या घरात संध्याकाळी टीव्ही चालू असताना इंटिग्रेशन होत नाही. त्या वेळी पाठांतर ठेवा किंवा अभ्यासिकेत जा. अभ्यासिकेत जायला-यायला चाळीस मिनिटं लागत असतील तर तीही हिशेबात घ्या. दीड तासाच्या अभ्यासासाठी ते परवडत नाही, चार तासांसाठी परवडतं. बसमधला वेळ मी अभ्यासात धरत नाही. उभ्याने, गर्दीत सूत्रं पाठ होत असतील तर करा, पण त्यावर भिस्त ठेवू नका. खिडकीबाहेर बघत बसलात तरी काही बिघडत नाही.

नेहमीची चूक: मोकळी जागा बघून जीव वर-खाली होतो आणि सोमवारीच ती भरली जाते. असं केलंत की पहिला धक्का बसताच सगळं वेळापत्रक कोसळतं. ती जागा रिकामी राहणं हेच तिचं काम आहे.

## टप्पा ७: एक बैठक कशी चालवायची

बसल्यावर पहिलं वाक्य लिहा: ‘आत्ता मी अमुक करणार.’ फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. पालथा घालून शेजारी ठेवलेला फोन चालत नाही, हात जातोच. क्लासचे व्हॉट्सॲप ग्रुप दिवसातून दोनदा, ठरलेल्या वेळी बघा आणि मित्रांना तसं सांगून ठेवा.

मन लागत नसेल तर २५ मिनिटं काम आणि ५ मिनिटं उठून फिरणं, असं सुरू करा. गणितं सोडवताना लय लागली असेल तर मध्ये तोडू नका. ४५-५० मिनिटं सलग करा. सुटीत फोन नको. पाणी प्या, गॅलरीत उभे राहा.

बैठकीची शेवटची पाच मिनिटं सर्वांत मोलाची आहेत. पुस्तक मिटा आणि काय आठवतं ते कोऱ्या कागदावर लिहा. मग पुस्तक उघडून राहिलेलं बघा. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात विद्यार्थ्यांच्या एका गटाने उतारा पुन्हा पुन्हा वाचला आणि दुसऱ्याने न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतलेल्या चाचणीत आठवून लिहिणारे पुढे होते. म्हणूनच रात्री वाचून ‘झालं’ वाटतं आणि पेपरमध्ये हात अडतो. आठवून लिहिणं त्या वेळी त्रासदायक वाटतं, पण पुढे दोनदा वाचणं त्यामुळे टळतं.

संध्याकाळी सहानंतर चहा-कॉफी टाळा. कॉफीतलं निम्मं कॅफिन साधारण पाच तासांनीही शरीरात असतं, आणि रात्री बाराला डोळे टक्क उघडे राहतात.

## टप्पा ८: दिवस मोडला तर, आणि रविवारची वीस मिनिटं

दिवस मोडणारच. ताप येईल, घरी कोणाचं दुखणं निघेल, लाइट जाईल. नियम एकच: आजचं राहिलेलं उद्याच्या कामात मिसळायचं नाही. ते पुढच्या मोकळ्या जागेत जाईल. तिथेही मावत नसेल तर टप्पा ५ चा प्रश्न विचारून निघून जाईल. उद्याचं वेळापत्रक उद्याचंच राहील. राहिलेलं उद्यावर टाकलं की उद्याही मोडतो, मग परवाही, आणि माणूस वेळापत्रकच सोडून देतो. रात्र जागून भरपाई करू नका. तिची किंमत पुढचे दोन दिवस द्यावी लागते.

रविवारी वीस मिनिटं वही घेऊन बसा. काय झालं, काय राहिलं, का राहिलं, कोणता गुणक बदलला, पुढच्या आठवड्यात कोणत्या तारखा आहेत. एखादं काम तीन आठवडे सतत पुढे ढकललं जात असेल तर एकतर त्याचा तुकडा मोठा आहे किंवा तो भाग मुळातच कळलेला नाही. दुसरं असेल तर वेळ वाढवून उपयोग नाही. सरांना किंवा मॅडमना जाऊन विचारायला हवं. यादीत ‘सोमवारी मॅडमना भेटणे’ असं काम लिहा.

तपासणी: हा प्रश्न वेळेचाच आहे ना? दोन आठवड्यांहून जास्त झोप लागत नसेल, जेवण जात नसेल, आवडीच्या गोष्टींतही मन रमत नसेल, छातीत सतत धडधडत असेल किंवा जगू नये असं मनात येत असेल, तर हे वहीने सुटणार नाही. घरच्या किंवा कॉलेजच्या विश्वासाच्या माणसाशी त्याच दिवशी बोला. केंद्र सरकारची टेली-मानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र चालू असते आणि मराठीत बोलता येतं. मरणाचे विचार येत असतील तर रविवारची, पेपर संपण्याची, कशाचीही वाट बघू नका. लगेच फोन करा आणि कोणाला तरी जवळ बोलावून घ्या.

## टप्पा ९: परीक्षेच्या महिन्यात काय बदलायचं

नवीन धडे पेपरच्या दहा-बारा दिवस आधी थांबवा. जो भाग तेव्हाही कोरा असेल त्यातलं सर्वांत सोपं आणि नेहमी विचारलं जाणारं तेवढं घ्या, बाकी सोडा. उरलेला वेळ सोडवण्याला आणि चुका बघण्याला द्या.

दिवसाची घडी पेपरच्या वेळेला जुळवा. बोर्डाचे सकाळच्या सत्रातले पेपर ११ वाजता सुरू होतात. त्या वेळी रोज तीन तास बसून लिहायची सवय हवी. मेडिकल प्रवेशाची ‘नीट’ परीक्षा दुपारी २ ते ५ असते. ज्यांना दुपारी झोपायची सवय आहे त्यांनी ती निदान तीन आठवडे आधी मोडावी, नाहीतर नेमक्या त्याच वेळी डोळे जड होतात.

पेपरमधली वेळ आधीच वाटून ठेवा. बारावी फिजिक्सचा लेखी पेपर ७० गुणांचा, तीन तासांचा; गुणामागे अडीच मिनिटं, म्हणजे चार गुणांच्या उत्तराला दहा मिनिटं. इंजिनिअरिंग प्रवेशाच्या एमएचटी-सीईटीमध्ये फिजिक्स-केमिस्ट्रीच्या १०० प्रश्नांना ९० मिनिटं, म्हणजे प्रश्नाला ५४ सेकंद. गणिताच्या ५० प्रश्नांना ९० मिनिटं, म्हणजे प्रश्नाला पावणेदोन मिनिटांहून थोडं जास्त. सीईटीत चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न रिकामा सोडू नका. नीटमध्ये १८० प्रश्नांना १८० मिनिटं असतात आणि चुकीला एक गुण जातो, तिथे हा नियम लागू नाही. दोन्ही परीक्षा देणारी मुलं नेमकी इथे गोंधळतात, म्हणून सराव पेपरच्या वरच नियम लिहायची सवय लावा.

केंद्र दूर असेल तर आधी एकदा पेपरच्याच वेळी, आठवड्याच्या कामाच्या दिवशी जाऊन या. रविवारी लागलेला वेळ सोमवारी लागत नाही. पेपरच्या दिवशी अर्धा तास आधी वर्गात बसलेले असाल एवढं अंतर ठेवून निघा.

परीक्षांच्या हंगामातच रंगपंचमी येते. जुन्या नाशकात राहत असाल तर रहाडीचा, म्हणजे रंगाच्या पाण्याने भरलेल्या जमिनीतल्या मोठ्या हौदाभोवतीच्या गर्दीचा, आवाज घरात येणारच. त्या दिवशी दाराला कडी लावून चिडत बसण्यापेक्षा दोन तास जाऊन येणार की अभ्यासिकेत बसणार, हे आदल्या रविवारीच वहीत लिहून ठेवा.

दोन पेपरच्या मधल्या दिवसाचं वेळापत्रक त्या दिवशी करू नका, परीक्षा सुरू होण्याआधी करून ठेवा. पेपर देऊन आल्यावर दमलेल्या डोक्याने काय वाचायचं हे ठरवता येत नाही. घरी आल्यावर जेवण, तासभर झोप, मग लिहून ठेवलेलं पहिलं काम. झालेल्या पेपरची उत्तरं ग्रुपवर पडताळू नका. ग्रुप सगळे पेपर संपेपर्यंत म्यूट ठेवा. रात्री दहाला हॉल तिकीट, पेन, कंपास, पाण्याची बाटली पिशवीत भरून दाराजवळ ठेवा, गजराचं घड्याळ लावा आणि झोपा.